पिवळ्या टोपणाची पाहुणी

ठिपकी जन्माला आली त्या दिवशी तिच्या बाबांनी तिचं तोंड पाहिलं नाही. नाळ पाहिली. पाहिली म्हणजे काय, एका निर्जंतुक बरणीत घातली, बरणी बर्फात ठेवली आणि ती छातीशी धरून ते दवाखान्याच्या मागच्या जिन्याने जे पळाले ते थेट आपल्या प्रयोगशाळेत. लेकीसमोर उगवले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की तिच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. सांगायचा मान आत्याचा. चार माणसं जेवायला जमली आणि गप्पा जरा ओसरल्या की आत्या खुर्ची पुढे ओढायची. "आमच्या दादाला मुलगी झाली हे सगळ्या गावाला कळलं, एक दादा सोडून. हा नाळेला घेऊन हवापालटाला गेलेला!" सगळे हसायचे. बाबाही हसायचे, चष्मा काढून पुसत. आई तेवढी हसायची नाही, पण कोणाला थांबवायचीही नाही. नेमकं त्याच वेळी तिला पाण्याचा जग भरून आणायचा असायचा.

लहानपणी ठिपकीही खदखदून हसायची. पुढे पुढे तिचं हसू जरा उशिरा यायला लागलं. आणि मग, मोठ्या मुली वडिलांशी भांडतात त्या वयात, ती गोष्ट तिच्या हातातला हुकमाचा पत्ता झाली. "तुम्ही काय सांगता मला! माझं तोंड बघायच्या आधी माझी नाळ घेऊन पळालेला माणूस तुम्ही." यावर बाबा कधीही वाद घालत नसत. "बरोबर आहे," म्हणायचे आणि दुसऱ्या खोलीत जायचे. ठिपकी जिंकायची, आणि जिंकल्यावर तिला फार एकटं वाटायचं.

बाबांचा विषय म्हणजे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. शरीरातल्या प्रत्येक नळीला आतून लावलेलं, एका पेशीइतकं पातळ. रक्ताचा स्वभाव गोठण्याचा. बाहेर सांडलं की ते बघता बघता घट्ट होतं. मग आत असताना ते का गोठत नाही? या एका 'का'वर त्यांनी जन्म काढला. ठिपकीला झोपवतानासुद्धा ते राजा-राणी सोडून हेच सांगायचे. एक लांबच लांब बोगदा असतो. आत मऊ उजेड असतो. भिंतीवर बारीक बारीक पेशी, फरसबंदीसारख्या, एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. रक्त वाहत येतं, आणि भिंत हळूच म्हणते...

"काय म्हणते?"

"चला, पुढे चला, इथे थांबू नका."

"आणि कोणी थांबलंच तर?"

"रक्त थांबलं की भिंत घाबरते. तिने पोटात बारीक काड्या लपवून ठेवलेल्या असतात, त्या ती भराभर बाहेर टाकते. त्यांना सगळं येऊन चिकटतं. गुठळी होते."

"म्हणजे भिंत वाईट आहे."

"छे गं. कुठे कापलं, खरचटलं, तर भोक बुजवणारी तीच. तिला फक्त कळायला हवं, घाबरायचं कधी आणि धीर धरायचा कधी."

त्या 'कधी'चं उत्तर शोधता शोधता बाबांचे केस पिकले. थोडंफार सापडलंही. रक्त वाहतं राहिलं तर भिंतीवरच्या पेशी वाहण्याच्या दिशेने लांबट होतात आणि निवांत असतात, साचून राहिलं की बिथरतात, हे ज्यांनी वर्षानुवर्षं मोजून पाहिलं त्यांच्यातले ते एक. मोठं नाव झालं नाही. ज्यांना त्यांचं काम कळायचं ती माणसं एका मध्यम हॉलमध्ये आरामात मावली असती.

ते गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांनी आवाज उतरवून विचारलं, "गुठळीच झाली असेल ना?" तसं काही झालं नव्हतं. फुफ्फुसांच्या आजाराने गेले, तीन आठवड्यांत. लोकांची जरा निराशाच झाली.

*

ताईचा फोन आला तेव्हा ठिपकी दुकानाच्या मागच्या खोलीत एका आजोबांचे डोळे तपासत होती. तिचं चष्म्याचं दुकान होतं. आजोबांची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकलेली, खोलीत अंधार, आणि भिंगातून दिसणारा त्यांच्या डोळ्याचा तळ: नारिंगी आभाळ, त्यात फांद्या फुटलेल्या लाल नद्या. शरीर न कापता रक्तवाहिन्या उघड्या दिसतात त्या एवढ्या एकाच जागी. बाबा म्हणायचे, "मी जन्मभर नळ्या बघतो, तू पण नळ्याच बघतेस. फरक एवढाच, की तुझ्याकडे लोक परत येऊन थँक्यू म्हणतात."

ताई म्हणजे बाबांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, आता त्या प्रयोगशाळेची प्रमुख. आई तिला पाठीमागे 'मानसकन्या' म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

"ठिपकी, आम्ही नव्या इमारतीत चाललोय," ताई म्हणाली. "पेशी गोठवून ठेवायची जुनी टाकी या आठवड्यात रिकामी करायची. तिकडे कागदपत्रं नसलेली एकही कुपी घेत नाहीत. सरांच्या बाकीच्या सगळ्यांची सोय लागली. एकच उरलीय. पिवळ्या टोपणाची."

"कोणाची आहे?"

"तुझी," ताई म्हणाली. "म्हणजे तुझ्या नाळेतल्या पेशी. तुझ्याच वयाच्या. टाकून देऊ, की वितळवू? वितळवली तर बघता येईल, पण एकदाच. या कायमच्या जगणाऱ्या पेशी नाहीत. वाढल्याच तर दोन-तीन आठवडे वाढतील आणि थकतील. आणि इतकी वर्षं गोठून राहिल्यावर जाग्या होतीलच असंही मी सांगत नाही."

आजोबा अंधारात म्हणाले, "पोरी, पापणी हलवू का?"

"हलवा आजोबा, हलवा," ती म्हणाली, आणि फोनमध्ये म्हणाली, "टाकू नका. मी येते."

तिला काय हवं होतं ते तिला स्पष्ट माहीत होतं. जे बघायला जाताना आपलं तोंड बघायचं राहून गेलं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं. बघितल्यावर राग जाईल की पक्का होईल, हे ठाऊक नव्हतं. पण बाबांवरचा राग असा अर्धवट हातात घेऊन त्यांच्यामागे जगायचं, हे तिच्याच्याने होईना.

*

टाकीचं झाकण उघडलं आणि आतून पांढरं धुकं वर आलं, काठावरून सांडलं आणि जमिनीवरून त्यांच्या पायांकडे सरपटत आलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं, तरी क्षणभर त्या खोलीत पहाट झाली. ताईने लांब चिमट्याने धुक्यात चाचपलं आणि बोटाच्या पेराएवढी कुपी वर काढली. तिच्यावर नाव नव्हतं, तारीख नव्हती. एक पुसट निळा डाग तेवढा होता.

"सर दिसेल ते स्पिरिटने पुसायचे," ताई म्हणाली. "स्वतःच लिहायचे आणि स्वतःच पुसून टाकायचे. आम्ही त्यांच्या कुप्या टोपणावरून ओळखायचो. पिवळी दुसरी कुठलीच नाही." मग तिने कोपऱ्यातल्या कोमट पाण्याच्या यंत्राकडे पाहिलं आणि ठिपकीकडे पाहिलं. "नियमाने तिथे वितळवायची. सर मुठीत धरायचे. गोठवताना सावकाश आणि वितळवताना झटपट, हे सगळेच करतात; पण मुठीत धरणारे ते एकटे. धरतेस?"

ठिपकीने पातळ हातमोज्यातली मूठ मिटली. आधी चटका बसावा इतकं गार. मग दुखायला लागलं, मनगटापर्यंत कळ गेली. आणि मग हळूहळू ती कळ बोथट झाली, आणि तिला वाटलं, आपण कोणाचा तरी लहानसा हात धरून उभ्या आहोत. त्या हाताला ऊब येत होती, आणि ती आपलीच होती.

"बघ आता."

कुपीत बर्फाचा एक कण उरला होता, तिळाएवढा. तो होता, होता, आणि मग नव्हता.

पुढचं ताईने केलं. काचेच्या हूडखाली, गुलाबी पोषकद्रवात, थेंब थेंब. छोट्या चपट्या डिशमध्ये तळाला जिलेटिनचा हात आधीच दिलेला होता, पेशींना पाय रोवायला काहीतरी हवं म्हणून. मग डिश मायक्रोस्कोपखाली आली आणि ताई बाजूला झाली.

ठिपकीने डोळे लावले. काळोख्या गुलाबी आभाळात असंख्य गोल तारे तरंगत होते. प्रत्येकाला उजेडाची कड. काही एकमेकांना हळूच शिवून दूर जात होते. कुठे आवाज नाही, कुठे घाई नाही. ती बघत राहिली. हे जर त्यांनी त्या दिवशी पाहिलं असेल, तर माणूस विसरेल खरं सगळं.

"किती सुंदर आहेत," ती म्हणाली.

"सुंदर दिसतात, पण ते चांगलं लक्षण नाही," ताई म्हणाली. "जिवंत असतील त्या तळाला टेकतील, चपट्या होतील, दिसेनाशा झाल्यासारख्या होतील. मेलेल्या अशाच चमकत तरंगत राहतात. उद्या कळेल. तोवर हलवायचं नाही, उघडायचं नाही, सारखं वाकून बघायचं नाही. सर म्हणायचे, टेकू दे."

डिश इन्क्युबेटरमध्ये गेली. दाराचं रबर चप् करून मिटलं. त्या उबदार पेटीसमोर दोघी उगाचच उभ्या राहिल्या, दवाखान्यातल्या बाकाशेजारी नातेवाईक उभे राहतात तशा.

"आत्या म्हणते, बाबांचं सगळं करिअर माझ्या नाळेवर उभं आहे," ठिपकी म्हणाली. हसत म्हणायचं होतं, पण तसं जमलं नाही.

ताईने मान वळवली. "तुझ्या? अगं, तुझ्या पेशींवर सरांनी एकही प्रयोग केला नाही. नाळा दवाखान्यातून यायच्याच की, दर आठवड्याला. त्यावर सगळं काम व्हायचं. पिवळ्या टोपणांना हात लावायची आम्हाला बंदी होती. कधीतरी, वर्षा-दोन वर्षांनी, सर स्वतः एखादी काढायचे. 'आज पाहुणी यायचीय' म्हणायचे. वितळवायचे, दिवसाआड खायला घालायचे, बघत बसायचे. मोजायचं नाही, लिहायचं नाही. थकल्या की डिश धुवायला टाकायची आणि दोन दिवस कोणाशी बोलायचं नाही."

"का पण?"

"ते त्यांना कोणी विचारावं? मला एक आठवतं. तुला शाळेत असताना तो ताप आला होता ना, दवाखान्यात ठेवलं होतं तो? त्या दिवसांत सर रोज धापा टाकत यायचे, पाहुणीला बघायचे, की पळत परत. आम्ही आपापसात म्हणायचो, पोरगी तिकडे तापाने फणफणतेय आणि या माणसाला इथे पेशी सुचतायत! तुझ्या त्या अपघाताच्या वेळीही तेच. खरं सांगू? मला तेव्हा त्यांचा राग आला होता. तुझ्या वतीने."

आपल्या वतीने कोणीतरी रागावलं होतं, हे ऐकून ठिपकीला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात काहीतरी खुटकन हललं आणि पुन्हा बसेना.

*

आई बाबांच्या खुर्चीत बसली होती. बाबा गेल्यापासून ती बहुतेक तिथेच असायची. बाहेर पडणं तिने सोडलं होतं. भांडण नाही, रडारड नाही. नुसतं 'आज नको' आणि 'बघू उद्या'. पडदे अर्धे ओढलेले, टेबलावर सकाळचा पेला, पेल्याखाली पाण्याची गोल खूण.

"जेवलीस?" आई म्हणाली.

"हो."

"खोटं."

ठिपकी हसली आणि कोचावर आडवी झाली. डोळा कधी लागला कळलं नाही. ती एका बोगद्यात चालत होती. भिंती मऊ, आतून उजळलेल्या, आणि सगळ्या बाजूंनी कुजबुज येत होती: चला, पुढे चला. पुढे फार लांब बाबा चालले होते, छातीशी बरणी धरून, खांदे उचलून. ती ओरडली, "थांबा!" आणि ते थांबले. त्याबरोबर सगळंच थांबलं. कुजबुज बंद झाली. भिंत आक्रसली, आणि तिच्यातून बारीक काड्या उगवायला लागल्या, हजारो, पांढऱ्या. बाबा मागे वळून काहीतरी सांगत होते, पण काड्यांमधून त्यांचा चेहरा दिसेना.

कपाळावर हात होता. आईचा. ताप बघतात तसा.

"झोपेत 'थांबा' म्हणालीस."

ठिपकी उठून बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. ताईचा फोन, कुपी, मूठ, ते तरंगणारे तारे. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आईचा चेहरा उतरत चाललाय.

"सगळ्या तरंगतायत?" आईने विचारलं.

"आत्ता तरी. उद्या कळेल."

"एकही टेकली नाही?"

ठिपकी आईकडे बघतच राहिली. पेशी टेकतात हे आईला कुठून ठाऊक? बाबांच्या कामातलं आईला काही कळत नाही, हे तर आईचंच लाडकं वाक्य होतं.

"आई, काय आहे हे?"

आई खुर्चीत मागे टेकली. हाताने खुर्चीचा हात घासत राहिली, जणू त्याच्यावर काही सांडलंय.

"तू रडली नाहीस," ती म्हणाली. "मुलं बाहेर आली की रडतात. तू निळी होतीस. आणि गप्प. तुला उचलून काचेच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. त्याला तुझं तोंड बघायचं नव्हतं असं नाही गं. दाखवलंच नाही कोणी. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. हा माझ्या खाटेशी उभा आणि एकच विचारतोय, 'मी काय करू? मी काय करू?' मला त्याची कीव आली आणि रागही आला. मी तरी काय सांगणार? नाळ तिथेच ट्रेमध्ये पडलेली. मी म्हटलं, 'ती घे आणि जा. तेवढं तुला येतं ना? हिचं काहीतरी जगव.'"

बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"तू पाठवलंस?"

"मीच. बरणी निर्जंतुक होती, बर्फात ठेवली म्हणतात, कसलं काय? दाईने दिलेल्या बरणीत घातली आणि गेला, अंगात कोट उलटा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. डोळे असे सुजलेले. काचेला नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, 'त्या टेकल्या. आता हीसुद्धा टेकेल.'" आई थांबली. "मांजर आडवं गेलं म्हणून कोणी परत फिरलं तर त्याची आठवडाभर टिंगल करणारा माणूस! तो असं बोलला. आणि अर्ध्या तासाने तू रडलीस. मग काय, बसलं ते त्याच्या डोक्यात. तुला जरा काही झालं की हा पळाला पाहुणी आणायला. टेकली की घरी येऊन पोटभर जेवायचा."

"आणि आत्याची गोष्ट?"

"आत्याला यातलं काय माहीत? ती आली तोवर तू गुटगुटीत होऊन रांगत होतीस. तिला कळलं ते एवढंच, की हा नाळ घेऊन पळाला. तिने गंमत केली. सगळे हसले. आम्हीही हसू दिलं." आईने पेला उचलला आणि त्याच गोल खुणेवर पुन्हा ठेवला. "बरं वाटायचं गं. तिच्या गोष्टीत तू आधीपासूनच वाचलेली असायचीस."

ठिपकीने त्या पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी भांडताना म्हणायचे तेव्हा तरी सांगायचंस."

"मी त्याला म्हणायचे, सांग तिला. तो म्हणायचा, 'भांडू दे. एवढ्या जोरात भांडतेय म्हणजे छातीत दम आहे.'"

त्यावर ठिपकीला हसू आलं, आणि हसता हसता ती उठून खिडकीपाशी गेली. पडदा तसाच अर्धा होता. बरोबर आहे, म्हणून दुसऱ्या खोलीत जाणारे बाबा तिला पाठमोरे दिसले. त्या खोलीत जाऊन ते काय करायचे, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"ही शेवटची होती," आई मागून म्हणाली. "तो आजारी पडला तेव्हा मी म्हटलं, मानसकन्येला सांगून काढू या का ती? म्हणाला, 'ती माझ्यासाठी नाही. ठिपकीला कधी काही झालं तर लागेल.'"

ठिपकी खिडकीपासून वळली. इतकी वर्षं जपून ठेवलेली ती एक, आणि आपण ती दुपारच्या उन्हात, जुन्या रागापायी, नुसतं बघायला म्हणून वितळवून बसलो. आणि ती तरंगतेय.

"म्हणजे मी ती उगाच वाया घालवली."

"उगाच?" आई म्हणाली. तिचा आवाज अचानक जुन्यासारखा झाला, धारदार, घरभर ऐकू जाणारा. "बाप गेला तुझा. तुला काही झालं नाही होय?"

*

सकाळी ठिपकी निघाली तेव्हा आई दारात बूट घालून उभी होती.

"अशी काय बघतेस? मी पण येते."

"आई, तू तिथे कधीच..."

"कधी बोलावलं नाही म्हणून गेले नाही. पाहुणी माझी पण आहे. चल."

रस्त्यात आई फार बोलली नाही. उन्हाला सरावलेली नसल्यासारखी डोळे बारीक करून चालत होती, आणि मध्येच एखाद्या दुकानाकडे बघून "हे बंद झालं वाटतं?" म्हणत होती. ठिपकीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ते तारे होते. नसतील टेकल्या तर? आईला तिथवर चालवत न्यायचं आणि तारे दाखवायचे? किती सुंदर आहेत म्हणायचं?

प्रयोगशाळेत अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. ताई पुढे आली. "काकू, या."

"काकू काय म्हणतेस? केस माझ्याइतकेच पांढरे झालेत तुझे," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बरी आहेस ना?" आणि ताईच्या दंडावर हात ठेवला. ताईच्या चेहऱ्यावरून दिसलं, की असं काही होईल याची तिने तयारी ठेवली नव्हती.

डिश बाहेर आली. आधी ताईने पाहिलं. बराच वेळ. डिश जराशी सरकवली, पुन्हा पाहिलं. ठिपकी तिच्या पाठीकडे बघत होती. पाठीवरून काहीच कळेना. शेवटी ताई उठली आणि तिने स्टूल मोकळं केलं.

तारे होते. कालच्याइतकेच, कालच्यासारखेच तरंगत. ठिपकीने डोळे हटवले नाहीत. मग तिने फोकस हळूच खाली नेला, डोळ्याच्या तळाशी जाताना नेते तसा, ताऱ्यांच्या पलीकडे, तळापर्यंत. आणि तिथे, एका कोपऱ्यात, उजेडाची कड नसलेलं काहीतरी होतं. फिकं. सपाट. आधी नुसती छटा वाटली. मग छटेला कडा आल्या. पेशी होत्या, फार नव्हत्या, जेमतेम मूठभर. एकीने दुसरीला बाजू लावलेली, दुसरीने तिसरीला, फरसबंदीचा एक तुकडा बांधून बसल्या होत्या. थोड्या अंतरावर आणखी एक तुकडा. त्या चमकत नव्हत्या. कोणी लक्ष द्यावं असं त्यांच्यात काही नव्हतं. नुसत्या टेकल्या होत्या.

"आई," ती म्हणाली. स्टूलवरून उठली. पुन्हा म्हणाली, "आई, बस इथे."

आई बसली. एक डोळा मिटला, दुसरा मिटला, मान मागे घेतली. "मला काही दिसत नाही. सगळा धूर आहे."

"थांब." आईचा नंबर ठिपकीला तोंडपाठ होता, दोन्ही डोळ्यांचा, आणि डाव्यातला तो हट्टी तिरपेपणाही. तिने एक भिंग अर्धा वेढा फिरवलं, दुसरं जरासंच मागे आणलं, दोन्हींमधलं अंतर आईच्या डोळ्यांइतकं केलं. आयुष्यात इतक्या लोकांचे डोळे तिने नीट लावून दिले होते, पण इतक्या सावकाश कोणाचेच नाही. "आता?"

इन्क्युबेटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. आईचे दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले होते आणि ते हळूहळू सैल होत गेले.

"एकमेकींना धरून बसल्यात," आई म्हणाली.

"हो."

"एवढ्याशाच."

"पुरे असतात," ताई म्हणाली. "त्या वाढतील आपल्या आपण."

आई अजून बघतच होती. "हे बघून आला होता तर," ती स्वतःशीच म्हणाली. "तरीच नाक काचेला लावल्यावर रडला नाही. मी म्हटलं होतं, हा रडत का नाही."

मग जुना द्रव काढून नवा घालायचा होता. ताईने पिपेट ठिपकीच्या हातात दिलं. तिने जुना द्रव अलगद ओढून घेतला आणि त्याच्याबरोबर सगळे तारे निघून गेले. कोमट, गुलाबी, नवा द्रव तिने डिशच्या काठावरून सोडला.

"अंगावर नको, बाजूने," ताई म्हणाली.

"सावकाश गं," आई म्हणाली.

"दोघी मिळून मला शिकवा आता," ठिपकी म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की हे वाक्य ती बाबांच्या स्वरात बोलली.

डिश परत उबेत गेली. ताईने सांगितलं, परवा पुन्हा खायला घालायचं, मग दिवसाआड. दोन आठवडे मिळतील, फार तर तीन.

"पुष्कळ झाले," आई म्हणाली. "परवा मी येईन. हिचं दुकान असतं."

"काकू, एकट्या याल?"

"मग काय पालखीतून येऊ?"

खाली उतरताना मात्र जिन्याच्या मध्यावर आईला दम लागला. कित्येक महिन्यांत ती एवढी चालली नव्हती. ती कठड्याला धरून उभी राहिली. भिंतीत वर एक उंच खिडकी होती, तिच्यातून ऊन तिरपं येत होतं आणि त्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत होते, बिनघाईचे, कडेने चमकणारे. दोघी जरा वेळ ते बघत राहिल्या. मग ठिपकी एक पायरी खाली उतरली, वळली आणि आईचा हात धरून हळूच म्हणाली, "चला, पुढे चला. इथे थांबू नका."

आईने तिच्याकडे पाहिलं.

"ऐकायचे मी ते," ती म्हणाली. "पलीकडच्या खोलीतून. रोज तीच गोष्ट. दुसरी येतच नव्हती त्याला."

आणि ती पुढच्या पायरीवर उतरली.